एक लिटरचं इंजिन आणि भरलेली गाडी : ठाणे, महाबळेश्वर, पोलादपूर, ठाणे

आदला दिवस : ठाणे

दोन गाड्या आहेत. दोन्हींचं इंजिन ९९९ सीसीचं, दोन्हींत सिलिंडर तीन, आणि साम्य तिथेच संपतं. पहिली चार मीटरच्या आत बसवलेली सात आसनी. तिला टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नाही. ताकद ७२ अश्वशक्ती आणि ३५०० आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या) ९६ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर. दुसरी सव्वाचार मीटरची पाच आसनी, टर्बोवाली. ती ११५ अश्वशक्तीची, आणि तिचे १७८ न्यूटन मीटर १७५० आरपीएमच्या आसपास हाती लागतात ते बराच वेळ टिकतात. 'एवढ्या मोठ्या गाडीला एवढंसं इंजिन झेपतं का' या प्रश्नाला शोरूममध्ये मिळणारं उत्तर एकट्या माणसाने घोडबंदर रोडवर मारलेल्या फेरीवर बेतलेलं असतं. खरं उत्तर गाडी भरल्यावर आणि घाट लागल्यावरच मिळतं, म्हणून हा रस्ता निवडला : शिंगरोबाचा घाट, खंबाटकी, पसरणी आणि येताना आंबेनळी.

आधी वजन. आरसी बुकात गाडीचं रिकामं वजन लिहिलेलं असतं. सात आसनीचं ते ९५० किलोच्या आसपास आहे. सात माणसांचे, मुलंबाळं धरून, ४३० किलो आणि बॅगा, पाण्याचे कॅन, फराळाचे डबे मिळून ७०. एकूण १४५०. म्हणजे गाडीने स्वतःच्या निम्म्याहून जास्त वजन अंगावर घेतलं. टर्बोवाली रिकामी १२७० ची, पाच माणसं आणि सामान धरून १६६०.

आता हे आकडे टनामागे मांडून बघा. सात आसनीत फक्त चालक बसला तर टनाला ७० अश्वशक्ती पडतात. सात जण बसले की ५०. भरलेल्या टर्बोला टनामागे ६९ आहेत. म्हणजे भरलेली टर्बो साधारण तेवढीच चपळ, जेवढी एकटा माणूस बसलेली सात आसनी. सीसी दोन्हीकडे तेवढीच. तेव्हा सीसीवरून भांडण्यात अर्थ नाही.

निघण्याआधीचं सगळ्यात स्वस्त काम हवेचं. चालकाच्या दारामागच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावर हवेचे दोन आकडे असतात : एक दोन-तीन माणसांसाठी, दुसरा गाडी भरलेली असताना. मागच्या चाकांचा दुसरा आकडा बहुतेक जण कधी वाचतच नाहीत. भरलेल्या गाडीत मागची हवा कमी राहिली तर टायर बसतो, तापतो, आणि इंजिनाच्या आधीच तोकड्या ताकदीतला वाटा खातो. हवा टायर थंड असताना भरायची, पंपापर्यंत पाच किलोमीटर धावून आल्यावर नव्हे. छतावरचा कॅरियर रिकामाच घरी ठेवला. शंभरच्या वेगाला वाऱ्याचा विरोध हाच मोठा खर्च असतो, आणि कॅरियरवरच्या बॅगा तो वाढवतात.

दिवस पहिला : ठाणे ते लोणावळा

माजिवड्याहून कळवा, विटाव्याचा रेल्वेखालचा बुटका बोगदा, दिघा, आणि मग ठाणे-बेलापूर रस्ता धरून ऐरोली, रबाळे, घणसोली, तुर्भे. सकाळचे साडेआठ, म्हणजे कंपन्यांच्या बसेसचा वेळ.

या टप्प्यात लहान इंजिनाला नाव ठेवायला जागा नाही. सिग्नलला सात माणसं घेऊन उभी असलेली सात आसनी पहिल्या गिअरमधून सुटते, दुसऱ्यात ३५ पर्यंत जाते, आणि पुढे ट्रक असल्याने तिसऱ्याचा प्रश्नच येत नाही. उभी असताना सीटमध्ये थरथर जाणवते, ते बिघाडाचं लक्षण नव्हे. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँक दर १८० अंश फिरला की एक ठोका मिळतो, तीन सिलिंडरमध्ये दर २४० अंशांनी. ठोक्यांमधलं अंतर जास्त, म्हणून मंद फिरताना हिसका जाणवतो. थरथर अचानक वाढली, किंवा गिअर टाकताना 'ठक्' असा आवाज येऊ लागला, तर मात्र इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यांवर बसतं ते रबरी आधार, बघून घ्यावेत. तीन सिलिंडरवाल्यांत त्यांना काम जास्त पडतं.

टर्बोवालीची अडचण इथे वेगळी निघाली. २०–२५ च्या वेगाला तिसरा गिअर टाकला की इंजिन १३०० वर येतं. त्या ठिकाणी टर्बोचा पंखा नीट फिरलेलाच नसतो, म्हणून हातात येतं ते साधं एक लिटरचं इंजिन, तेही जड गाडीला जोडलेलं. पाय दाबला की आधी काहीच होत नाही, मग एकदम होतं. पुढच्या रिक्षाच्या मागे ते नकोसं असतं. उपाय : अशा गर्दीत दुसराच गिअर ठेवायचा आणि आरपीएमचा काटा १८०० च्या खाली फार वेळ राहू द्यायचा नाही. वरच्या गिअरमध्ये कमी फेऱ्यांवर पाय दाबून ओढत नेण्याची सवय टर्बो पेट्रोलला खरोखर घातक आहे. त्यात इंधन ठिणगीच्या आधीच पेट घेतं, आणि तो धक्का पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडवर बसतो. याच कारणासाठी तेलाचा दर्जाही बदलला. २०२० पासून आलेलं एपीआय एसपी दर्जाचं तेल हा प्रकार रोखायला मदत करतं. डब्यावर ते दोन शब्द वाचून घ्यावेत. स्वस्तातलं जुन्या दर्जाचं तेल टर्बोत ओतून वाचलेले पाच-सातशे रुपये नंतर महागात पडतात.

पाम बीचला गाड्या मोकळ्या झाल्या. सपाटीवर साठाने जायला भरलेल्या सात आसनीला सुद्धा दहा-बारा अश्वशक्ती पुरतात, तेव्हा इथे दोघींत फरक करायचा तर तो फक्त आवाजाचा. खारघर, कळंबोली, पनवेल पटापट मागे पडले. पनवेलनंतर द्रुतगती मार्ग सोडून मुद्दाम जुना रस्ता धरला : चौक, खालापूर, खोपोली.

खोपोली सोडली की रस्ता तोंड वर करतो. हाच तो घाट, जिथे जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या १०८९ सीसीच्या इंजिनाचं पाणी उकळायचं आणि बॉनेट उघडून अख्खं कुटुंब शिंगरोबाच्या देवळाजवळ थांबायचं. ज्या धनगराने इंग्रजांना ही वाट दाखवली असं सांगतात, त्याचं हे देऊळ; चालक अजून इथे नाणं टाकून पुढे जातात. आजचं एक लिटरचं इंजिन त्या पद्मिनीपेक्षा लहान असूनही उकळत नाही, कारण रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो आणि कूलंट दाबाखाली असतं. मात्र कूलंटच्या टाकीत नळाचं पाणी भरत राहिलेल्या गाडीची गोष्ट निराळी.

आता मुद्द्याचं वळण. लहान इंजिन कुठे कमी पडतं असं विचारलं तर लोक वेगाचं नाव घेतात. खरी जागा ही आहे : केसपिनेसारखं वळण, आतल्या बाजूला दहा टक्क्यांचा चढ, पुढे ट्रक, गाडीचा वेग १८ आणि गिअर दुसरा. सात आसनीचा काटा त्या क्षणी १४०० च्या जरा खाली असतो. तिथे इंजिन जेमतेम ७५ न्यूटन मीटर देतं, म्हणजे पंधरा-एक अश्वशक्ती. साडेचौदाशे किलो त्या चढावर त्या वेगाने नुसते चालते ठेवायला, गिअरबॉक्समधली गळती आणि एसी धरून, तेवढीच लागते. बरोबरी झाली! वेग वाढवायला काही उरलं नाही. चालक पाय तळापर्यंत दाबतो, इंजिन गुरगुरतं, गाडी जागच्या जागी दमते. मग घाबरून हाफ क्लच मारला जातो आणि वळणावर क्लच जळल्याचा तो आंबट-करपट वास पसरतो.

तीच गाडी, तेच वळण, पहिला गिअर : काटा २५००, टॉर्क ८९ च्या आसपास, ताकद ३२ अश्वशक्ती. गरजेच्या दुप्पट. पहिला गिअर फक्त गाडी उठवायला असतो असं शिकवलं गेल्यामुळे चालत्या गाडीत तो टाकायला हात धजावत नाही. वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावरच, वेग १०–१२ वर आणायचा, क्लच पूर्ण दाबायचा, किंचित रेस देऊन पहिला टाकायचा आणि क्लच पूर्ण सोडून मगच वळायचं. वळणाच्या मध्यावर गिअर बदलू नये. दुसरा, वळण संपून काटा ३५०० च्या पुढे गेल्यावरच. घाईने ३००० ला टाकला की पुन्हा सोळाशेवर येऊन तीच रड.

टर्बोवालीलाही या वळणावर क्षणभर श्वास घ्यावा लागला, कारण तिचाही काटा १३०० वरच होता. मात्र १८०० ओलांडताच ती अशी उसळली की कडेच्या खडीवर पुढचं आतलं चाक घसरलं. तिच्या चालकाला उलटा धडा : वळणात पाय हळूच दाबा, ताकद येणारच आहे.

क्लचचं पेडल नसलेल्या गाड्यांबद्दल, कारण आता तशा गाड्याही पुष्कळ. एएमटी म्हणजे आत तोच साधा क्लच, फक्त दाबणारा हात यंत्राचा. चढावर पुढची गाडी इंच इंच सरकत असताना ब्रेक सोडून ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरणं म्हणजे यंत्राकडून हाफ क्लच करवून घेणं. सात जण भरलेल्या गाडीत पाच-सात मिनिटांत क्लच तापल्याची सूचना पडद्यावर येते. हँडब्रेक ओढून थांबा, पुढे दोन गाड्यांएवढी जागा होऊ द्या, आणि मग एका दमात सरका. घाटात लीव्हर मॅन्युअलला घेऊन पहिला-दुसरा स्वतः धरावा. नाहीतर यंत्र नेमका वळणात गिअर बदलतं आणि अर्धा सेकंद ओढ तुटते. ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या सुक्या (क्लच तेलात न बुडालेल्या) प्रकारालाही हेच लागू.

दिवस दुसरा : लोणावळा ते महाबळेश्वर

पुण्याच्या बाह्यवळणापर्यंत द्रुतगती मार्ग. सपाटीवर १०० ला भरलेल्या सात आसनीला, सगळी गळती धरून, पंचवीस-सव्वीस अश्वशक्ती लागतात. ७२ मधून त्या निघतात. पण पाचव्यात काटा २९००–३००० वर असतो, मागच्या रांगेत बोलायला आवाज चढवावा लागतो, आणि जरासा चढ आला की वेग ९२ वर येतो. नव्वदला ती सुखात होती. तिला नव्वदचीच गाडी मानली तर तक्रारीला जागा उरत नाही. टर्बोवालीत १०० ला संगीत नीट ऐकू येतं, हा फरक मान्य करायलाच हवा.

युरोपात हा वाद दहा-बारा वर्षांपूर्वीच होऊन गेला. फोर्डच्या एक लिटर तीन सिलिंडर टर्बोला २०१२, १३ आणि १४ अशी सलग तीन वर्षं 'इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर' मिळालं, आणि नंतर ते मोन्डेओसारख्या लांबरुंद गाडीतही बसलं. तिकडच्या मोकळ्या, सपाट रस्त्यावर ते चाललं. आपल्याकडे सपाटीसोबत सह्याद्री येतो.

शिरवळ गेलं, खंडाळा आलं. हे सातारा जिल्ह्यातलं खंडाळा; लोणावळ्याशेजारचं नव्हे. पुढे खंबाटकी. इथे लांब, रुंद, चिवट चढ आहे, म्हणून गिअरचं गणित स्वच्छ दिसतं. सहा टक्के चढ आणि ५० चा वेग धरला तर सात आसनीला एसीसकट २७ अश्वशक्ती हव्यात. चौथ्यात काटा दोन हजारावर, हातात २३–२४. वेग गळणार म्हणजे गळणारच. पाय कितीही दाबा. तिसऱ्यात काटा २७०० च्या जरा खाली, हातात ३४. गाडी चढते, वर वेग वाढवते. चौथ्यात पाय पूर्ण दाबलेला आणि तिसऱ्यात पाऊण, तरी तिसऱ्यातली गाडी पुढे. इंजिनाला 'त्रास' नको म्हणून वरचा गिअर धरून ठेवणारे त्याला खरा त्रास तिथेच देतात. तीन-साडेतीन हजारांवर दहा-पंधरा मिनिटं फिरणं कुठल्याही धड इंजिनासाठी रोजचं काम आहे. बेअरिंगवर ताण येतो तो चौदाशेवर पाय तळाला लावल्यावर.

टर्बोवालीला त्याच चढावर तीस लागतात आणि दोन हजारालाच तिच्याकडे पन्नास आहेत. तिने गिअर बदललाच नाही.

एसीबद्दल दोन ओळी. तापलेल्या गाडीत कॉम्प्रेसर जोरात असताना तीन-साडेतीन अश्वशक्ती खातो. दीडशे अश्वशक्तीच्या गाडीत ते कळत नाही, पण हातात २४ असताना त्यातल्या तीन जाणं कळतं. पाय पूर्ण दाबला की इंजिनाचा संगणक काही सेकंद कॉम्प्रेसर आपणहून सोडतो. म्हणून चढावर अधूनमधून गरम झुळूक येते. गॅस संपलेला नसतो. मागच्या रांगेतल्या आजींना तसं सांगून ठेवलं की गॅरेजची एक फेरी वाचते.

सुरूर फाट्यावरून आत, वाई, आणि पसरणी घाट. वाई सुमारे सव्वासातशे मीटरवर, पाचगणी जवळजवळ तेराशेवर, आणि मधलं अंतर बारा किलोमीटर. सरासरी चढ पाच टक्क्यांच्या आत येतो, पण वळणं सरासरीने चढत नाहीत. शिंगरोबाला शिकलेला पहिला गिअर इथे चार वेळा लागला. फरक एवढाच की वर वर जाताना सात आसनी आणखी थोडी दमली, आणि त्याचं कारण हवेत आहे. दर शंभर मीटरला हवा साधारण एक टक्का विरळ होते, इंजिनात तेवढा ऑक्सिजन कमी जातो. साडेतेराशे मीटरवरच्या महाबळेश्वरात ७२ चे बासष्ट-त्रेसष्ट उरतात. टर्बो हवा दाबून भरतो, त्यामुळे ती तूट तो बरीचशी भरून काढतो. घाटावर वारंवार जाणाऱ्यांसाठी टर्बोच्या बाजूचा हा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे, आणि विक्रेते तो कधी सांगत नाहीत.

सीएनजीवर ही गाडी घेऊ पाहणारे ठाण्यात पुष्कळ. गॅसवर ताकद साधारण दहा टक्क्यांनी उतरते आणि सिलिंडरचं वजन पाऊणएक माणसाएवढं वाढतं. कापूरबावडी ते तुर्भे रोज दोन जण जात असतील तर उत्तम सौदा. सात जण घेऊन पसरणी चढायचा असेल तर वाईतच बटण दाबून पेट्रोलवर यावं.

पाचगणीला थांबताना टर्बोवाली लगेच बंद केली नाही. घाट जोरात चढून आल्यावर टर्बोचा भाग लालबुंद तापलेला असतो आणि त्यातलं तेल फिरतं ते इंजिन चालू असेपर्यंतच. शेवटचा एक किलोमीटर सावकाश चालवला, किंवा अर्धा-एक मिनिट चालू ठेवून बंद केली, तर तेल जळून कोळसा होत नाही. काही गाड्यांत बंद केल्यावरही पंप पाणी फिरवत राहतो. बॉनेटखालून येणारी ती घरघर ऐकून बॅटरीची तार काढायची गरज नाही.

दिवस तिसरा : महाबळेश्वर

गाड्या दिवसभर उभ्याच. सकाळी, इंजिन थंड असताना, सपाट जागा बघून तेलाची काडी पाहिली. दोन्ही गाड्यांत तेल दोन खुणांच्या मध्ये होतं. एक लिटरच्या इंजिनात तेलच मुळात तीन-चार लिटर असतं, म्हणून अर्धा लिटर कमी होणंही मोठं. कंपनी दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष सांगते. रोज घोडबंदरची कोंडी आणि वर भरलेले घाट असतील तर टर्बोसाठी ते निम्म्यावर आणावं.

अशा गाड्या मुळात निघतातच का, याचं उत्तर इंजिनिअरकडे कमी आणि करात जास्त आहे. २००६ च्या अर्थसंकल्पापासून चार मीटरच्या आतली लांबी आणि पेट्रोलला १२०० सीसी, डिझेलला १५०० सीसी ही रेघ आखली गेली. २२ सप्टेंबर २०२५ पासून रेघेच्या आतल्या गाडीला १८ टक्के जीएसटी आहे, बाहेरच्या गाडीला ४० टक्के. सात माणसं चार मीटरच्या आत कोंबलेली आणि पुढे लहान इंजिन, ही आकृती त्या रेघेने काढली आहे. किमतीतला फरक एवढा की वर्षातून चारदा घाट चढणाऱ्याने पहिला गिअर शिकून घेणं जास्त परवडतं.

टर्बोवाली मात्र सव्वाचार मीटरची, म्हणजे लांबीने रेघेबाहेर. तिला लहान इंजिनाचा करात काहीच फायदा नाही.

दिवस चौथा : आंबेनळी, पोलादपूर, ठाणे

चढताना लहान इंजिनाची चर्चा सगळे करतात. उतरताना कोणी करत नाही. महाबळेश्वर ते पोलादपूर चाळीसएक किलोमीटर, प्रतापगडाचा फाटा मध्ये, आणि खाली येणं सुमारे १३०० मीटर. साडेचौदाशे किलो एवढं खाली आणताना जी उष्णता मोकळी होते तिच्यातला निम्मा भाग टायर आणि वारा घेतात. उरलेल्या निम्म्यात तीस लिटर पाण्याला उकळी फुटेल. ही उष्णता एकतर इंजिन घेईल नाहीतर चार चाकांचे ब्रेक.

इथे सीसीचा खरा तोटा आहे. पाय सोडल्यावर इंजिन गाडीला जे धरून ठेवतं, ते त्याच्या आकारमानावर अवलंबून असतं. दोन लिटरचं इंजिन तिसऱ्यात जेवढं धरतं, तेवढं धरायला एक लिटरला दुसरा लागतो. आंबेनळीत टर्बोवाली तिसऱ्यात सोडली तर ती सुसाट सुटायला बघत होती. चढताना हीच दादागिरी करत होती! टर्बोची ताकद पाय दाबल्यावरची असते, पाय उचलला की उरतं ते एक लिटर. दोन्ही गाड्या दुसऱ्यात उतरवल्या, काटा तीन-साडेतीन हजारांवर, वळणापुरता पहिला. ब्रेक सतत टेकवून ठेवायचा नाही; वेग ४० झाला की ठाम दाबून २५ वर आणायचा आणि सोडायचा, म्हणजे मधल्या वेळात डिस्क थंड होते.

पेट्रोल वाचवायला न्यूट्रल मारून उतरणारे अजूनही दिसतात. गिअरमध्ये पाय सोडून उतरताना इंजेक्शनची गाडी पेट्रोल पूर्ण बंद करते. न्यूट्रलमध्ये तिला इंजिन चालू ठेवायला पेट्रोल घालावं लागतं. म्हणजे वाचत नाहीच, उलट जातं. आणि चावी बंद करून उतरणाऱ्याचा ब्रेक दोन-तीन दाबांनंतर दगड होतो, कारण त्याला मदत करणारी निर्वात पोकळी इंजिन तयार करतं.

लायनर तापल्याचा वास आला किंवा पेडल नेहमीपेक्षा खोल गेलं तर लगेच रुंद जागा बघून थांबावं, हँडब्रेक न ओढता गिअर आणि दगड लावून पंधरा-वीस मिनिटं. पाणी ओतू नये, डिस्क वाकते. पेडल खोल जाण्याचं कारण बहुधा जुनं ब्रेक ऑइल असतं. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ दर्जाचं नवं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरल्यावर तीच मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. त्यापुढे नळीत वाफ होते आणि वाफ दाबली जाते. दर दोन वर्षांनी बदलायचं. ठाण्यात रोज चालवताना ही चूक कधीच लक्षात येत नाही, ती आंबेनळीतच उघडी पडते.

पोलादपूरच्या अलीकडे, दुपदरी रस्त्यावर एसटीच्या मागे लागल्यावर ओव्हरटेकचा हिशेब झाला. ८० वरून १०० वर जायला भरलेल्या सात आसनीला चौथ्यात दहा-अकरा सेकंद, तिसऱ्यात सात-आठ. सेकंदात बघू नका, मीटरात बघा : चौथ्यात पावणेतीनशे मीटर, तिसऱ्यात एकशे नव्वद. समोरून येणारा त्याच वेळात तेवढंच अंतर कापतो, तेव्हा मोकळा रस्ता याच्या दुप्पट दिसायला हवा. जिथे तो दिसत नाही तिथे एसटीच्या मागे राहायचं. आधी गिअर उतरवून, एसटीपासून जरा लांब राहून वेग घेऊन, मग बाहेर पडायचं. एसटीला चिकटून बाहेर पडणं लहान इंजिनाच्या गाडीला परवडत नाही. टर्बोवाली चौथ्यातूनही सहज निघून गेली.

महाड, माणगाव, कोलाड, वडखळ, पेण. लिहिण्यासारखं काही नाही. सपाटीवर दोघी सारख्याच. पनवेलहून सायन-पनवेल रस्ता, तुर्भे, आणि ज्या पंपावर निघताना टाकी फुल केली होती त्याच पंपावर, त्याच नळावर पुन्हा फुल, पहिला 'टक्' होईपर्यंतच. पाचशे दहा किलोमीटरला सात आसनीने लिटरमागे पंधराच्या जवळ दिले, टर्बोने तेराला थोडे कमी. दोन्ही गाड्यांच्या पडद्यावरचा आकडा यापेक्षा एकाने जास्त होता. टर्बो लहान म्हणून कमी पिते हे चढावर खरं नाही : सतत दाब देऊन चालवली की जास्तीचं पेट्रोल टाकून आतली आग थंड ठेवावी लागते. शिवाय वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये लिटरमागची ऊर्जाच सहा-सात टक्क्यांनी कमी भरते, तो फटका दोघींना सारखा.

शेवटचा चढ घरचा. घोडबंदर रोडवरच्या टॉवरमध्ये गाडी तिसऱ्या पोडियमवर लागते आणि तिथला रॅम्प आठास एक, म्हणजे साडेबारा टक्के. चार दिवसांतला सगळ्यात उभा, वर गोल फिरणारा, गुळगुळीत आणि मध्ये स्पीडब्रेकर टाकलेला. फाटकाशी सहा जण बॅगा घेऊन उतरले, लिफ्टने गेले. सात आसनी पहिल्या गिअरमध्ये, क्लच पूर्ण सोडून, एका दमात वर गेली. स्पीडब्रेकरवर पुढची चाकं चढताना काटा दोन हजाराच्या खाली येऊ दिला नाही.